ज्याच्याकडून काम घेतलं, त्याचं पुढे काय?



या वेळचा विषय वाचून काहीजण हसतील, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आपल्या एका कुटुंबसमूहात कॉलेजात जाणाऱ्या मुलाने घरी काचेची टाकी मांडली आहे. साध्या माशांची नाही, खाऱ्या पाण्याची, समुद्री जीवांची. टाकीत शेवाळ माजलं. दुकानदाराने सांगितलं, शेवाळ खाणारे जीव सोड, गोगलगायी सोड, खेकडे सोड, ते सगळं साफ करतील. मुलाने समूहावर विचारलं, "यातले कोणते आणू?" त्याच संदेशाखाली त्याच्या आजींनी लिहिलं, "आपली घाण काढायला मुका जीव विकत आणायचा, हे बरं आहे का रे?"

नातवाचा प्रश्न माहितीचा आहे आणि आजींचा धर्माचा. समूहावर लगेच दोन तट पडले. कोणी म्हणालं, एवढ्याशा गोगलगायीचं काय घेऊन बसलात. कोणी म्हणालं, टाकीच विकून टाका. आम्ही चार-पाच जण बसलो, माहिती वाचली, जाणकारांना विचारलं. आमच्या लक्षात आलं ते असं की हे प्रश्न दोन नाहीतच. जीव नीट निवडायचा तर आजींच्या प्रश्नातूनच जावं लागतं.

*शेवाळ येतं कुठून*

आधी शेवाळाचं समजून घेऊ, कारण सगळं तिथून सुरू होतं.

शेवाळाला तीन गोष्टी लागतात. पाणी, उजेड आणि खत. टाकीत पाणी आहेच, दिवा आपण लावतो. खत कुठून येतं? आपल्याच हातून. माशांना घातलेलं जास्तीचं खाणं तळाशी कुजतं, माशांची विष्ठा असते, त्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट तयार होतं. शेतात युरिया घातल्यावर गवत जसं उठतं, तसं टाकीत शेवाळ उठतं. शिवाय भोपाळच्या नळाला येणारं पाणी, मग ते मोठ्या तलावाचं असो, कोलारचं असो की नर्मदेचं, माणसाला पिण्याजोगं असलं तरी समुद्री टाकीसाठी ते तसंच चालत नाही. ते नीट गाळून, आर.ओ. करून, त्यात दर लिटरला साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ मिसळावं लागतं.

खाणं जास्त का पडतं? लोभाने नाही, प्रेमाने. सकाळी आजोबा घालतात, दुपारी मूल घालतं, संध्याकाळी पाहुणे आले की गंमत म्हणून पुन्हा घालतात. मासा तोंड उघडतो, आपल्याला वाटतं बिचारा उपाशी आहे. मासा तर नेहमीच तोंड उघडतो! दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घालावं असं जाणकार सांगतात.

आणखी एक. नवी टाकी मांडली की पहिल्या काही आठवड्यांत काचेवर आणि वाळूवर तपकिरी धूळ बसल्यासारखं शेवाळ येतं. मुलं घाबरतात. ते बहुतेक वेळा आपोआप जातं. टाकीत डोळ्यांना न दिसणारे जीवाणू आधी वस्तीला यावे लागतात. माशांच्या विष्ठेतलं विषारी अमोनिया ते पायरी-पायरीने कमी घातक रूपात बदलतात. ही घडी बसायला महिना-दीड महिना लागतो. तेवढा धीर नसतो म्हणून माणूस दुकानात धावतो आणि वीस गोगलगायी आणतो. ज्या टाकीत अजून काही खायलाच नाही, तिथे त्या उपाशी मरतात, मेलेल्या कुजतात आणि पाणी आणखी बिघडतं. साफसफाईला आणलेला जीवच घाण होऊन बसतो. दोष त्याचा नाही, आपल्या घाईचा आहे.

*कोणाला आणायचं, हे त्याच्या पोटावरून ठरवा*

आता नातवाच्या प्रश्नाकडे येऊ. बाजारात या जीवांना एकत्रितपणे "सफाई पथक" म्हणून विकतात. पण पथकातला प्रत्येक जीव वेगळा आहे, त्याचा स्वभाव वेगळा, भूक वेगळी.

ट्रोकस नावाची शंकूच्या आकाराची गोगलगाय काचेवरचं आणि दगडावरचं पातळ शेवाळ खरवडून खाते. उलटी पडली तर बहुतेक वेळा स्वतः सरळ होते. ॲस्ट्रिया हीसुद्धा चांगली खाते, पण वाळूवर उलटी पडली की तिला सरळ होता येत नाही. कोणी उचलून सरळ केलं नाही, तर ती तशीच मरते. म्हणजे ती आणली, तर रोज सकाळी टाकीत डोकावून कोणी पडलंय का हे पाहणं ही आपली जबाबदारी झाली.

मेक्सिकन टर्बो नावाने विकली जाणारी मोठी गोगलगाय केसांसारखं वाढलेलं हिरवं शेवाळ भराभर संपवते. पण ती मुळात कॅलिफोर्नियाच्या आखातातली, थोड्या गार पाण्यातली. 26 अंशांच्या टाकीत ती काही महिने राबते आणि खंगते. नासारिअस ही वाळूत राहणारी. ती शेवाळ खातच नाही, उरलेलं आणि मेलेलं खाते. शेवाळासाठी नासारिअस घेणं म्हणजे भांडी घासायला माळ्याला बोलावण्यासारखं. सेरिथ वाळूतही फिरते, काचेवरही चढते, आकाराने लहान, छोट्या टाकीला बरी.

मग हर्मिट क्रॅब, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा खेकडा. नाव इंग्रजांनी एकांतवासी साधूचं दिलं, पण वागणं तसं नाही. अंगाने वाढला की त्याला मोठा शंख लागतो. रिकामा मिळाला नाही तर जिवंत गोगलगायीला मारून तिचा शंख घेतो. याला पापी म्हणू नका, त्याला घर हवं आहे. त्याच्यासाठी टाकीत वेगवेगळ्या मापांचे चार रिकामे शंख ठेवायचे, एवढंच आपल्याला करायचं असतं. किती भांडणं माणसांच्या घरातही चार खोल्या कमी पडल्या म्हणूनच होतात!

अर्चिन, म्हणजे काट्यांचा गोळा, शेवाळाचा मोठा भोक्ता. पण दगडावरचा सुंदर गुलाबी थरही तो खरवडतो, आणि टाकी छोटी असेल तर लवकरच उपाशी पडतो. सी हेअर, समुद्री ससा म्हणतात ती, हिरवं शेवाळ काही दिवसांत फस्त करते आणि मग खायला काही उरत नाही. लॉनमोअर ब्लेनी हा गमतीदार चेहऱ्याचा मासा दिवसभर दगड चाटत फिरतो. शेवाळ संपलं की पोट खपाटीला जाऊन कित्येक ब्लेनी मरतात, कारण मालकाला वाटतं, हा तर शेवाळ खाणारा, याला वेगळं कशाला घालायचं? टँग, म्हणजे सर्जन मासा, समुद्रात दिवसभर लांबलांब फिरणारा. त्याला तीन फुटी टाकीत ठेवणं म्हणजे घोड्याला न्हाणीघरात बांधणं.

आणि लाल-जांभळा, चिकट, चादरीसारखा जो थर येतो, तो जवळजवळ कोणीच खात नाही. तिथे पथक कामाचं नाही, सवयच बदलावी लागते.

आपल्या घरांसाठी एक खास सूचना. या जीवांना तांबं म्हणजे विष. गोगलगाय, खेकडा, अर्चिन यांना पाण्यातला तांब्याचा थोडा अंशही मारतो. माशांच्या आजारावरच्या काही औषधांत तांबं असतं, ती या टाकीत घालू नयेत. आणि पुण्याचं समजून देवघरातल्या तांब्याच्या कलशातलं पाणीही घालू नये. जे आपल्याला औषध, ते दुसऱ्याला विष असू शकतं. दया करतानासुद्धा समोरच्याचा देह काय मागतो, हे आधी विचारावं लागतं.

नवा जीव आणला की पिशवीतून थेट टाकीत ओतायचा नाही. थेंब थेंब करून तासभर टाकीचं पाणी त्याच्या पाण्यात मिसळायचं. खारटपणातला अचानक फरक गोगलगायीला सोसत नाही.

*कायद्याचंही ऐका*

एक गोष्ट ठामपणे सांगतो. आपल्या देशात प्रवाळ, म्हणजे कोरल, 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. समुद्रकाकडीसुद्धा. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. ट्रोकस आणि टर्बो घराण्यातल्या काही मोठ्या शंखांची नावंही कायद्याच्या यादीत आली. म्हणून "कुठून आणलं" हे विचारल्याशिवाय आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय काही घेऊ नका. समुद्रातून तोडलेला दगड घेऊ नका, भाजलेल्या मातीचे, हाताने बनवलेले दगड मिळतात. क्लाउनफिशसारखे काही मासे आता समुद्रातून न पकडता पैदास करून मिळतात, पण गोगलगायी आणि खेकडे बहुतेक समुद्रातूनच उचललेले असतात. दुकानात जीव स्वस्त दिसतो, त्यामागे कोणाचा तरी किनारा रिकामा झालेला असतो. मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, आपल्या महाराष्ट्राचं स्वतःचं प्रवाळ आहे. उन्हाळ्यात कोकणात जाणाऱ्या मंडळींनी ते पाण्यात पाहावं आणि तिथेच ठेवून यावं.

*"समुद्रातही हेच चालतं ना?"*

आजींच्या प्रश्नावर समूहावर आलेलं पहिलं उत्तर हेच होतं. समुद्रातही गोगलगायी शेवाळ खातातच, आपण काय वेगळं करतो?

हे अर्धं खरं आहे. समुद्रात शेवाळ खाणाऱ्यांवर खरोखरच सगळं उभं असतं. 1983 साली कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांच्या काळ्या अर्चिनवर रोग आला. पनामाजवळ सुरू झाला आणि साधारण वर्षभरात सगळ्या समुद्रभर पसरला. दहातले नऊहून जास्त अर्चिन मेले. त्यानंतर जमैकाच्या किनाऱ्यावर काय झालं? 1970 च्या दशकाच्या अखेरीला तळाचा निम्म्याहून जास्त भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांच्याही खाली आला. प्रवाळाच्या जागी शेवाळ बसलं.

सगळा दोष रोगाचा नव्हता. 1980 च्या वादळाने आधीच मोडतोड झाली होती. शेवाळ खाणारे मासे माणसाने कित्येक वर्षं पकडून पकडून संपवत आणले होते. सगळा भार एका अर्चिनवर आला होता आणि तो दिसत नव्हता, कारण काम चालू होतं. तो गेला तेव्हा कळलं की घर कोणाच्या खांद्यावर उभं होतं. घरातली आई आजारी पडली की पहिल्या दिवशी जे कळतं, तेच.

आता उरलेलं अर्धं. समुद्रातली गोगलगाय एका दगडावरचं शेवाळ संपलं तर दुसऱ्या दगडावर जाते. तिला कोणी नेमलेलं नसतं. टाकीतली गोगलगाय कुठे जाणार? चार काचा म्हणजे तिचं जग आणि त्या काचा आपण उभ्या केल्या आहेत. तिथे भूक लागली तर ती निसर्गाने दिलेली भूक नाही, आपण दिलेली आहे. फरक पडतो तो इथे. जिथे आपण दुसऱ्याचे पर्याय काढून घेतो, तिथे त्याच्या पोटाची जबाबदारी आपल्याकडे येते.

दुसरं उत्तर आलं, "पैसे देऊन आणलं आहे." पैसे दुकानदाराला मिळाले, गोगलगायीला नाही. तिसरं, "एवढ्याशा जिवाला काय कळतं?" तिला किती कळतं याचा निकाल आम्ही लावू शकत नाही. पण स्पर्श झाला की ती अंग चोरून आत घेते, खायचं दिसलं की सरकत येते, एवढं कोणीही पाहू शकतं. आणि समजा तिला काहीच कळत नाही. तरी तिला राबवून उपाशी टाकणाऱ्या आपल्या मनाचं काय होतं, हा प्रश्न उरतोच. साधनेत आपण त्याच मनाचं तर काम करतो.

*पोळ्याचा धडा*

पोळ्याला बैलाची पूजा होते. विदर्भातून, खानदेशातून भोपाळला आलेली आपली कितीतरी घरं अजून मातीचे बैल मांडतात. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू नाही, अंगावर झूल, मुखात पुरणपोळी. का? कारण वर्षभर त्याच्याकडून काम घेतलं.

पण शेतकऱ्याची खरी परीक्षा पोळ्याला होत नाही. ती बैल थकल्यावर होते. बारा-पंधरा वर्षं राबलेला बैल आता ओढू शकत नाही. चारा तर लागतोच. काही घरं त्याला शेवटपर्यंत दावणीला ठेवतात. काही बाजाराचा रस्ता धरतात. जे बाजाराला नेतात त्यांच्याही अडचणी असतात, दुष्काळात माणसालाच खायला नसतं, आपण शहरात बसून त्यांना नावं ठेवू नयेत. पण जे ठेवतात, त्यांच्याकडे पाहून आपल्याला आपोआप हात जोडावेसे वाटतात. काम संपल्यावरचं नातं, तेच खरं नातं.

हाच नियम टाकीला लावा. शेवाळ संपलं, टाकी लखलखीत झाली, सगळे म्हणाले वा! त्याच दिवशी गोगलगायीचं उपासाचं पहिलं पान वाढलं गेलं. आपल्या यशाचा दिवस तो तिच्या भुकेचा दिवस. म्हणून ज्याला खरंच हे जीव ठेवायचे आहेत, त्याने आणतानाच ठरवावं की शेवाळ संपल्यावर मी यांना काय घालणार. नोरी, म्हणजे सुकवलेलं समुद्री शेवाळ, छोट्या तुकड्यांनी घालता येतं. मागची काच न घासता मुद्दाम त्यांच्यासाठी हिरवी राखता येते. थोडं शेवाळ राहू द्यावं. डाग नसलेली टाकी ही आपली हौस आहे, त्यांची गरज नाही.

आणि संख्या थोडी ठेवावी. दुकानात लिटरचा हिशेब करून पन्नास जिवांचं पाकीट देतात. ते घेऊ नका. शंभर लिटरच्या टाकीला आधी चार-पाच गोगलगायी पुष्कळ. दोन महिने पाहा. पुरत नसतील तर आणखी एक-दोन. जास्त झाल्या तर परत कुठे देणार?

*तलावात सोडू नका*

कुठे देणार, यावर कोणी तरी नक्की म्हणणार, "तलावात सोडून देऊ, पुण्य लागेल." हे पुण्य नाही. समुद्रातला जीव गोड्या पाण्यात सोडला तर तो लगेच मरतो. गोड्या पाण्यातला परका मासा सोडला तर तो जगतो आणि इतरांना मारतो. काचा चाटणारा सकर मासा असाच टाक्यांमधून बाहेर पडला. देशातल्या कितीतरी नद्यांत आणि जलाशयांत तो आता मासेमारांची डोकेदुखी झाला आहे, उजनीतसुद्धा. आपल्या मोठ्या तलावात 2023 च्या एप्रिलमध्ये एकाच्या गळाला मगरीसारख्या तोंडाचा मासा लागला. तो अमेरिकेतला ॲलिगेटर गार. तो इथे चालत आला नव्हता. कोणाच्या तरी टाकीत मोठा झाला असावा आणि नकोसा झाला असावा.

मोठा तलाव म्हणजे आपल्या सगळ्यांची टाकीच म्हणा. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीवर मातीचा बांध घालून तो बांधला. 1794 मध्ये त्याच्याखाली छोटा तलाव झाला. 2002 साली दोन्ही मिळून भोज पाणथळ म्हणून रामसर यादीत गेले. 1995 ते 2004 या काळात जपानच्या कर्जातून तलावांच्या सफाईचं मोठं काम झालं, जलपर्णी काढली, गाळ काढला. तरी तलावाला काय त्रास देतं? तेच, जे त्या मुलाच्या टाकीला देतं. वरून येणारं खत. सांडपाणी, शेतातून वाहून येणारा युरिया, निर्माल्य, आणि पुण्य म्हणून फेकलेले ब्रेडचे तुकडे आणि कणकेच्या गोळ्या. आपणही फेकतो. हिरवं पाणी दिसलं की आपण म्हणतो, नगरपालिका काय करते? आत किती यंत्रं घातली तरी वरचा नळ चालूच असेल तर पाणी हिरवंच होणार.

*आपली घाण, दुसऱ्याचे हात*

इथे आजींचा प्रश्न टाकीच्या बाहेर येतो, आणि आम्हाला तो तिथेच जास्त बोचला.

घाण आपली आणि काढणारे हात दुसऱ्याचे, ही सवय आपल्या घराघरांत आहे. माणसाची गोगलगायीशी तुलना आम्ही करत नाही, तो अपमान होईल. माणूस बोलू शकतो, हक्क मागू शकतो, त्याचा मान वेगळा. पण आपल्या बाजूची सवय एकच आहे. ओला-सुका कचरा एकत्र करून गाडीत टाकताना तो वेगळा कोणाचे हात करतात, हे आपण पाहत नाही. गटार तुंबलं की माणूस उतरवा म्हणतो. हाताने मैला साफ करायला लावणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, सुरक्षेची साधनं न देता माणसाला गटारात उतरवणंही गुन्हा आहे, तरी गटारात गुदमरून माणसं मेल्याच्या बातम्या येतात. घरी भांडी घासायला येणाऱ्या ताई आजारी पडल्या तर आपला पहिला विचार काय असतो? "आता भांड्यांचं काय?" ताईंचं काय, हा विचार दुसरा. कधी कधी येतच नाही.

गाडगेबाबा (1876 ते 1956) गावात येत तेव्हा हातात झाडू असे. दिवसभर गावाचे रस्ते झाडत, संध्याकाळी कीर्तन करत. झाडू आधी, कीर्तन नंतर. हा क्रम त्यांनी शिकवला. त्यांनी गावासाठी सफाईवाला आणला नाही, स्वतः झाडायला लागले. मग ते पाहून गाव झाडायला लागलं. देवापुढे कोंबडं-बकरं कापू नका, असंही ते सांगत. दुसऱ्याच्या जिवावर आपलं पुण्य उभारू नका, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

*मग आणावं की नाही?*

आता सरळ उत्तर देतो, गोलगोल नको.

ज्याच्या घरी टाकी नाही, त्याने समुद्री टाकी मांडण्याआधी दहादा विचार करावा. भोपाळपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मे महिन्यात बाहेर 43-44 अंश आणि टाकीला 25-26 अंश हवेत. दुपारी तीन तास वीज गेली तर? पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, खारटपणा वाढतो, रोज गोडं पाणी मोजून घालावं लागतं. सुट्टीत घर बंद करून पुण्याला जायचं तर कोण पाहणार? हे सगळं पेलणार नसेल तर न मांडणं हीच दया. आमच्यातल्या काहींचं मत आहे की कोणीच मांडू नये. त्या मताचा आम्ही आदर करतो.

पण ज्याने मांडली आहे, त्याला "विकून टाक" म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. आतले मासे आज जिवंत आहेत. ते आता त्याच्या पदरी आहेत. पदरी पडलं पवित्र झालं असं आपण म्हणतो, ते अशाच जबाबदारीसाठी. त्याने आधी स्वतः हात घालावा. खाणं कमी करावं, दिव्याचे तास कमी करावेत, आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलावं, काच स्वतः घासावी. महिनाभर हे केल्यावर जे शेवाळ उरेल, तेवढ्यापुरते, तेवढ्याच संख्येने जीव आणावेत. आणि ते आपले नोकर म्हणून नाही, घरातलं एक माणूस वाढलं असं समजून. रोज त्यांच्याकडे पाहावं. काम संपलं तरी जेवण चालू ठेवावं.

हे जमणार असेल तर आणा, आजींचा आशीर्वाद मिळेल. हे जमणार नसेल तर ब्रश आणि आपले दोन हात पुरेत.

*या पंधरवड्याचा संकल्प*

सर्व कुटुंबांनी एकत्र बसून ठरवावं, टाकी असो वा नसो:

१. आपल्या घरातली एक अशी घाण शोधायची, जी आपण करतो आणि दुसरा कोणीतरी काढतो. पंधरा दिवस ती स्वतः काढायची.

२. निर्माल्य आणि ब्रेड तलावात टाकायचे नाहीत. निर्माल्याचं कुंडीत खत करायचं.

३. आपल्या घरी काम करणाऱ्या माणसाला एकदा विचारायचं, "तुमची तब्येत कशी आहे?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत उभं राहायचं.

४. जिच्या अंगावर घर उभं आहे, तिला (किंवा त्याला) या रविवारी स्वयंपाकघरातून सुट्टी.

मुलांना हा लेख वाचून दाखवा. गोगलगायींची नावं त्यांना आवडतील. प्रश्न असतील तर आपल्या समूहावर लिहा, त्या आजींसारखे बोचणारे असले तरी चालतील. नव्हे, तसेच लिहा.

जय गुरुदेव. 🙏